मोल्टके, हेल्मूट फोन
(२६ ऑक्टोबर १८००–२४ एप्रिल १८९१). प्रशियाचा फील्डमार्शल, आधुनिक सेनाधिष्ठान पद्धतीचा एक प्रमुख शिल्पकार व युद्धविषयक लेखक. याच नावाच्या पुतण्यापासून वेगळा ओळखता यावा, म्हणून त्याला ‘थोरला मोल्टके’ असे म्हणतात. त्याचा जन्म उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग संस्थानात पार्खिम येथे झाला. वडील पुढे डेन्मार्कच्या सेवेत गेल्यामुळे त्याचे सैनिकी शिक्षण कोपनहेगनच्या लष्करी विद्यालयात झाले. १८१९ मध्ये तो डॅनिश पायदळात अधिकारी झाला; परंतु तेथे उत्कर्षाला फारसा वाव न दिसल्याने १८२२ मध्ये त्याने प्रशियाच्या सैन्यात प्रवेश केला. १८२३ ते १८२६ या काळात तो बर्लिनच्या युद्धविद्यालयात शिकला. युद्धमीमांसक कार्ल फोन क्लाउझेविट्स हा त्या वेळी विद्यालयाचा संचालक होता. तथापि अध्यापन त्याच्याकडे नसल्याने मोल्टकेवरील त्याचा प्रभाव मुख्यतः ग्रंथद्वाराच पडला.

मोल्टकेची आर्थिक स्थिती बेताची होती. उत्पन्नात भर घालण्यासाठी त्याने एक कथा लिहिली, तसेच गिबनच्या रोमन साम्राज्यावरील इतिहासग्रंथाच्या बऱ्याच भागाचे जर्मन भाषांतर केले. मात्र ते प्रकाशित झाले नाही. १८३५ ते १८३९ या काळात तो तुर्कस्तानात लष्करी सल्लागार होता. तेथे त्याने कॉन्स्टँटिनोपल व बॉस्पोरस परिसराचे नकाशे तयार केले. २४ जून १८३९ रोजी निझिप येथे ईजिप्तच्या इब्राहीम पाशाने तुर्की सैन्याचा पराभव केला. लढाईपूर्वी सैन्य सुरक्षित ठाण्यावर मागे घ्यावे, हा मोल्टकेचा सल्ला तुर्की सेनापती हाफिझ पाशाने मानला नव्हता. या वास्तव्यातील त्याची पत्रे १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली. सूक्ष्म निरीक्षण व संयत शैली यांमुळे ती जर्मन प्रवासवाङ्‌मयात महत्त्वाची मानली जातात.

बर्लिन–हँबर्ग लोहमार्गाच्या संचालक मंडळावर त्याने काम केले आणि १८४३ मध्ये लोहमार्गांच्या आखणीवर एक लेख लिहिला. ही आवड पुढे निर्णायक ठरली. १८५७ मध्ये त्याच्याकडे सेनाधिष्ठानाचे प्रमुखपद आले व ते त्याने १८८८ पर्यंत सांभाळले. तोपर्यंत त्याने मोठ्या सैन्याचे प्रत्यक्ष नेतृत्व कधीच केले नव्हते. सेनाधिष्ठानही तेव्हा युद्धमंत्रालयाचे एक दुय्यम अंग होते. मोल्टकेने तेथे निवडक अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, नकाशे, लोहमार्गांची वेळापत्रके व पूर्वीच्या युद्धांचा अभ्यास यांची सांगड घातली. २ जून १८६६ च्या राजाज्ञेने त्याला सैन्यांना थेट हुकूम देण्याचा अधिकार मिळाला.

१८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात प्रशियाने पाच लोहमार्गांवरून सैन्य हलविले. ऑस्ट्रियाला एकाच मार्गावर विसंबावे लागले. वेगवेगळ्या वाटांनी कूच करून रणभूमीवर एकत्र यावे, या तत्त्वानुसार मोल्टकेने आपल्या सेना दूर दूर ठेवल्या. ३ जुलै रोजी केनिखग्रेट्स (सादोवा) येथे युवराजाची सेना दुपारी येऊन पोहोचली आणि बेनेडेकच्या ऑस्ट्रियन सैन्याचा पराभव झाला. हा विजय बिनधोक मात्र नव्हता. युवराजाच्या सेनेला उशीर झाला असता, तर आघाडीवरील सेना संकटात सापडली असती. नियोजित वेढाही पूर्ण झाला नाही व ऑस्ट्रियाचे बरेचसे सैन्य एल्ब नदीपलीकडे निसटले. १८७०–७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात फ्रेंच पायदळाची रायफल अधिक सरस होती. ग्राव्हलॉत येथे (१८ ऑगस्ट १८७०) जर्मनांची सु. २०,००० हानी झाली, ती फ्रेंचांपेक्षा जास्त होती. तरीही जर्मन तोफखाना, जलद सैन्यजमाव व संचालन यांच्या बळावर मोल्टकेने फ्रेंच सेना सेदान व मेत्स येथे कोंडल्या. २ सप्टेंबर रोजी सम्राट तिसरा नेपोलियन सैन्यासह शरण आला. मोल्टकेला काउंट हा किताब (१८७०) व फील्डमार्शल हे पद (१८७१) मिळाले.

मोल्टकेच्या मते शत्रूच्या मुख्य सैन्याशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणतीही योजना जशीच्या तशी टिकत नाही. म्हणून युद्धनीती ही बदलत्या परिस्थितीत तारतम्याने योजलेल्या उपायांची व्यवस्था होय. यातूनच सेनापतींना तपशीलवार हुकूमांऐवजी उद्दिष्ट सांगून साधनांची निवड त्यांच्यावर सोपविण्याची पद्धत रूढ झाली. तिचा धोका १८७० मध्येच दिसला. ऑगस्टमधील काही लढाया दुय्यम सेनापतींनी त्याच्या योजनेबाहेर सुरू केल्या.

त्याच्या विचारातील खरा दोष राजकारण व युद्ध यांच्या संबंधाविषयीचा आहे. क्लाउझेविट्सच्या मते युद्ध हे राजकारणाचेच साधन होते. मोल्टकेने युद्धाच्या आरंभी व अखेरीस राजकारणाला स्थान दिले; परंतु मधल्या काळात सेनापतीला मोकळीक हवी, असा आग्रह धरला. सेदाननंतर फ्रेंच प्रजासत्ताकाने लढा चालू ठेवला, तेव्हा या भूमिकेची मर्यादा उघड झाली. पॅरिसवरील तोफमारा व शांततेच्या वाटाघाटी यांवरून बिस्मार्कशी त्याचा तीव्र संघर्ष झाला. परराष्ट्रांचा हस्तक्षेप होण्यापूर्वी तह व्हावा, ही बिस्मार्कची दृष्टी अधिक व्यापक होती आणि जानेवारी १८७१ मध्ये राजाने त्याच्या बाजूने कौल दिला.

मोल्टकेला शांततावादी म्हणता येणार नाही. शाश्वत शांतता हे त्याला स्वप्न वाटे, तेही सुंदर नसलेले. १८८७ मध्ये रशियावर आधीच आघात करावा, अशी सूचनाही त्याने केली होती. तरीही दोन आघाड्यांवरील युद्धात झटपट विजय मिळेल, याविषयी तो उत्तरोत्तर साशंक होत गेला. १४ मे १८९० रोजी राइश्टागमधील भाषणात त्याने बजावले, की यापुढील युद्ध राष्ट्राराष्ट्रांचे असेल, ते सात किंवा तीस वर्षेही चालेल आणि यूरोपात वणवा पेटविणाऱ्याची धडगत नाही. पुढील वर्षी बर्लिन येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या वारसांनी सेनाधिष्ठानाची प्रतिष्ठा व वेळापत्रकांची काटेकोर शिस्त जपली. मात्र योजनेच्या क्षणभंगुरतेचा त्याचा इशारा आणि अखेरची साशंकता या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातून निसटल्या. श्लीफेनच्या विचारात झटपट व सर्वंकष विजयाला मध्यवर्ती स्थान मिळाले. १९१४ मध्ये मार्न नदीवर ती अपेक्षा धुळीला मिळाली, तेव्हा प्रमुखपदी मोल्टकेचा पुतण्याच होता. यंत्रयुगातील प्रचंड सैन्य कसे हलवावे, हे थोरल्या मोल्टकेने दाखवून दिले. ते कोठे थांबवावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र राजकारणाकडे राहू द्यावयास तो राजी नव्हता. त्याच्या थोरवीची व तिच्या मर्यादेची सीमारेषा येथेच आखावी लागते.