धर्मनिरपेक्ष नीतीचा प्रश्न : आगरकर, ‘गीतारहस्य’ आणि मुळशी

धर्माचा आधार काढून घेतल्यास नीती टिकते काय, हा प्रश्न मराठी वैचारिक वाङ्मयाला नवा नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) आणि लोकमान्य टिळक यांच्या लेखनात त्याची दोन भिन्न उत्तरे आढळतात.

मिल्ल व स्पेन्सर यांच्या विचारांचे संस्कार घेतलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. केशवपन, बालविवाह इत्यादी रूढींची परीक्षा त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे न करता मानवी सुखदुःख व विवेक यांच्या आधारे केली. आचार शास्त्रोक्त आहे, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही, हे त्यांच्या भूमिकेचे सार होय.

आगरकरांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९१५ मध्ये, ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांनी आधिभौतिक सुखवादावर मूलगामी आक्षेप घेतले. पुष्कळांचे पुष्कळ सुख हा निकष कर्माचे बाह्य फळ मोजतो. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय, दुसऱ्याच्या हितासाठी मनुष्याने का झिजावे, याचे समाधानकारक उत्तर सर्वांभूती एकच आत्मा मानल्याखेरीज मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यातील पहिल्या आक्षेपाचे बळ मुळशीच्या इतिहासात दिसते. भरे गाव ज्या तालुक्यात आहे, त्याच मुळशीच्या पश्चिम भागात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. मुंबईला वीज मिळणार, म्हणजे लाभ पुष्कळांचा होता. तरीही मावळ्यांवर अन्याय होत होता. सुखाची निव्वळ बेरीज अपुरी ठरते, ती येथे.

तथापि यावरून नीतीला धर्माचा आधार अनिवार्य ठरत नाही. संमतीवाचून कोणाचा निर्वाह हिरावून घेऊ नये, हे तत्त्व आस्तिक व नास्तिक दोघांनाही सारखेच पटू शकते. सुखवाद अपुरा ठरला म्हणून विवेक अपुरा ठरत नाही. उलट, एखादे धर्मवचन ग्राह्य व दुसरे त्याज्य असे जेव्हा आपण ठरवतो, तेव्हा न्यायाची कसोटी त्या वचनाच्या आधीच आपल्यापाशी असते. खुद्द टिळकही केवळ वचनावर न थांबता युक्तिवाद करतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, कारण तो प्रामाण्याचा नसून प्रेरणेचा आहे. आगरकरांनी धनप्राप्तीचे मार्ग सोडून अल्प वेतनावर शिक्षणकार्य पत्करले. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली, तरी मत बदलले नाही. ईश्वरनिष्ठेवाचून त्याग संभवतो, एवढे या चरित्राने सिद्ध होते. परंतु एका असामान्य पुरुषाच्या उदाहरणावरून समाजाची घडी बसत नाही. व्रत, कथा, कीर्तन यांतून धर्म जो संस्कार सामान्य माणसापर्यंत पोहोचवतो, त्याच्या तोडीची व्यवस्था विवेकवादाला अद्याप उभारता आलेली नाही.

सारांश, धर्मावाचून नीती संभवते. मात्र तिचे संवर्धन आपोआप होत नाही. ते काम शिक्षणसंस्थांवर येऊन पडते.