वारसा आणि वारस

मराठीत ‘वारसा’ हा शब्द मुळात मालमत्तेच्या आणि हक्काच्या व्यवहारातला आहे. वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. सांस्कृतिक धोरणाच्या परिभाषेत शब्द रुजला. प्रश्न मात्र गळून पडला. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी पन्हाळ्याच्या संदर्भात ही गळती प्रकर्षाने जाणवते.

पन्हाळा हा ओसाड किल्ला नव्हे. तेथे नांदती वस्ती आहे, नगरपालिका आहे. मोरोपंतांचा जन्मही १७२९ साली येथेच झाला. यादीतील नाव मात्र ‘लष्करी’ या एकाच पदावर भर देते. त्या चौकटीत अंबरखाना आणि तीन दरवाजा अर्थपूर्ण ठरतात. गडावरचे आजचे घर अप्रस्तुत, किंबहुना उपद्रवी ठरते. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असतात. वास्तू आणि वस्ती जेथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत, तेथे घराची डागडुजीदेखील परवानगीचा विषय होते.

स्मारकाचे कालमूल्य आणि उपयोगमूल्य परस्परविरोधी असू शकतात, हे आलोइस रीगलने १९०३ मध्येच दाखवले होते. धोरण हा मूल्यसंघर्ष सोडवत नाही. त्याचे मीटरांत रूपांतर करते. याचा अर्थ कायदा अनावश्यक आहे, असा नव्हे. संरक्षणाविना चिरे हलतात आणि तटाला खेटून बांधकामे उठतात.

उणीव अभ्यासाचीही आहे. वारसा ही वस्तू नसून अर्थनिर्मितीची प्रक्रिया आहे, ही भूमिका लॉराजेन स्मिथ यांच्या २००६ मधील ग्रंथानंतर बरीच रूढ झाली. तथापि अर्थ अनेक संभवत असले, तरी छप्पर बदलू द्यावे की नाही, याचा निर्णय एकच घ्यावा लागतो. तो कोणी घ्यावा, याविषयी ही मांडणी पुरेसे मार्गदर्शन करत नाही. आंतरराष्ट्रीय करारांतही हीच फाळणी दिसते: १९७२ चा करार वास्तूंचा आणि स्थळांचा, २००३ चा परंपरांचा आणि त्या जपणाऱ्या समूहांचा. पन्हाळ्याचा रहिवासी या दोहोंच्या सांध्यात उभा आहे. तो वारस की अतिक्रमक, हे ठरवल्यावाचून ‘वारसा’ हा शब्द अर्धाच उच्चारला जातो.