काळ्या मातीवरचा ड्रायव्हिंग फील

गाड्यांच्या रिव्ह्यूंमध्ये एक निकाल इतक्यांदा दिला गेलाय, की तो आता म्हणीसारखा फिरतो: बीएमडब्ल्यू चालवणाऱ्याची, मर्सिडीज बसणाऱ्याची. निकाल खोटा नाही. पण तो कुठल्या रस्त्यावर लागला हे कोणी सांगत नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

मराठवाड्यात ही तुलना नुसती यूट्यूबवर बघण्यापुरती नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. पाठोपाठ बीएमडब्ल्यूचीही तशीच सामूहिक खरेदी झाली. पैसा कुठून आला, मागास म्हणवणाऱ्या भागाला हे कसं परवडतं, यावर भरपूर चर्चा झाली. या गाड्या इथल्या रस्त्यांवर चालतात कशा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

म्हणून त्याच काळातल्या दोन गाड्या घेऊ. चाकणला जोडली जाणारी मर्सिडीज सी-क्लास आणि चेन्नईला जोडली जाणारी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज. दोन्ही चार दारांच्या स्पोर्ट्स सेडान, दोन्हींची ताकद मागच्या चाकांना. डिझेलमध्ये सी २२० सीडीआय १७० हॉर्सपॉवरची, ३२०डी १८४ची. टॉर्क अनुक्रमे ४०० आणि ३८० न्यूटन मीटर. आकड्यांचं एवढं पुरे. त्या पिढीत दोन्हींचं स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढच्या पिढीपासून ते इलेक्ट्रिक झालं. म्हणजे हाताला किती जड लागायचं, हे आता आमच्याच धंद्यातला कोणीतरी कोडमध्ये ठरवतो.

वापरलेल्या, वय झालेल्या अशा दोन्ही गाड्या मला धर्माबाद-उमरी भागात चालवायला मिळाल्या. इथला रस्ता समजायचा तर खालची माती समजायला हवी. गोदावरीकाठची ही काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. डांबराखालच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या मातीचा ओलावा जास्त कमीजास्त होतो, म्हणून कडा वरखाली होतात, लांबच लांब चिरा पडतात आणि सपाट दिसणारा रस्ता लाटांसारखा होतो. वर ठिगळं असतातच. म्हणजे चाकाला दोन प्रकारचे धक्के एकदम बसतात: बारीक, खडखडणारे, आणि मोठे, हळू, गाडीला झुलवणारे.

मर्सिडीजच्या शॉकअपमध्ये याचंच उत्तर आहे, तेही कुठल्याही सेन्सरशिवाय. चाक थोडंसंच हललं तर आतल्या तेलाला एक आडवाट मोकळी असते, त्यामुळे शॉकअप मऊ राहतो. चाक जोरात, लांबवर हललं की ती वाट बंद होते आणि शॉकअप घट्ट होतो. निव्वळ यांत्रिक इफ-एल्स. ठिगळांवर गाडी गुळगुळीत जाते, आणि मोठ्या लाटेनंतर एकदाच वरखाली होऊन शांत बसते. स्टिअरिंग थोडं अबोल आहे, पण सत्तरच्या वेगात हात सैल ठेवता येतात.

बीएमडब्ल्यू उलट. तिचं स्टिअरिंग सगळं सांगतं. पार्किंगमध्ये जड, वेगात नेमकं. वळणावर पुढची चाकं किती पकड धरून आहेत हे तळहाताला कळतं. इंजिन मागे सरकवून पुढचं-मागचं वजन जवळपास सारखं केल्याचा हा फायदा. ॲक्सिलरेटर वरून टांगलेला नाही, जमिनीला बिजागरीसारखा जोडलेला आहे. टाच टेकवून अगदी बारीक दाब देता येतो. हँडब्रेकही हातानेच ओढायचा. (मर्सिडीजमध्ये तो डाव्या पायाने दाबायचा. पहिल्या दिवशी आपण क्लच शोधतोय असं वाटतं.) मात्र तिचे टायर रनफ्लॅट. हवा गेली तरी गाडीचं वजन पेलावं म्हणून त्यांच्या बाजू जाड आणि ताठ असतात. जो बारीक धक्का टायरनेच गिळायचा, तो मग शरीरापर्यंत येतो. स्टिअरिंग इतकं बोलकं, आणि बातमी एकच: ठिगळ, ठिगळ, चीर, ठिगळ.

‘चालवणाऱ्याची गाडी’ ही कल्पना इथे अडते. ती वळणांच्या, गुळगुळीत रस्त्यांच्या मुलखातली आहे. आमच्याकडे रस्ता सरळ असतो, आणि थरार असतो तो ओव्हरटेकचा. मिरचीच्या हंगामात पोत्यांनी लादलेला ट्रक समोर, पलीकडून येणारी एसटी, आणि मधली जागा. तिथे बीएमडब्ल्यू चटकन खालचा गिअर देते आणि निघते. मर्सिडीज आधी विचार करते, मग जोर लावते. या एका गोष्टीत मी बीएमडब्ल्यूलाच मत देईन. पण ओव्हरटेक करताना उजवी चाकं रस्त्याच्या पलीकडच्या उंचवट्यावर चढतात, आणि त्या क्षणी तीच गाडी अस्वस्थ होते, मर्सिडीज होत नाही. भरवसा हाही फीलच असतो. रिव्ह्यूवाले त्याला आराम म्हणतात आणि गुण दुसऱ्या रकान्यात टाकतात.

आमच्या रस्त्यावर, दिवसभर चालवायची असेल तर, मला मर्सिडीजच चालवणाऱ्याची वाटली. रात्री, नवा सिमेंट रस्ता लागला की मत बदलतं. सिमेंटवर बीएमडब्ल्यूची सगळी कुरकुर थांबते, आणि मग तिचं स्टिअरिंग सोडवत नाही.

निकालातला दुसरा शब्द, ‘बसणाऱ्याची’, तोही इथे वेगळाच लागतो. एवढी महाग गाडी आपल्याकडे बऱ्याचदा पगारी ड्रायव्हर चालवतो आणि मालक मागे बसतात. म्हणजे बीएमडब्ल्यू घेतली तर जर्मन इंजिनिअरांनी तळहातासाठी केलेली सगळी मेहनत ड्रायव्हरला मिळते, ती पण फुकट. रनफ्लॅटचे दणके मात्र पैसे मोजणाऱ्याला.