तत्सम, तद्भव आणि ‘रायझिंग फोर्स’

‘निओक्लासिकल मेटल’ या नावातील ‘क्लासिकल’ हे पद काहीसे फसवे आहे. युरोपीय संगीताच्या इतिहासात ‘नवअभिजातवाद’ ही संज्ञा १९२० च्या सुमारास स्ट्राव्हिन्स्कीप्रभृती रचनाकारांनी जो मार्ग धरला त्यासाठी रूढ झाली आहे. त्या मार्गाचा या रॉकशैलीशी संबंध नाही. येथे ‘अभिजात’ म्हणून जे येते ते बहुतांशी बाख आणि व्हिवाल्डी यांच्या बरोक काळाचे, आणि त्यानंतरच्या पागानिनीच्या व्हायोलिनवादनाचे. नाव सैल असले म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. तथापि एका संगीतपरंपरेने दुसरीकडून नेमके काय उसने घेतले, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. आणि या शैलीची पायाभूत कृती मानली जाणारी इंग्वे मालमस्टीन याची ‘रायझिंग फोर्स’ (१९८४) ही ध्वनिमुद्रिका त्या प्रश्नाच्या विवेचनास विशेष सोयीची आहे.

मालमस्टीन हा १९६३ साली स्टॉकहोम येथे जन्मला. डीप पर्पलमधील रिची ब्लॅकमोर याचे गिटारवादन आणि गिडॉन क्रेमर याने दूरचित्रवाणीवर सादर केलेले पागानिनीचे ‘काप्रीस’ हे त्याच्या घडणीतील दोन ठळक प्रभाव होत. १९८३ मध्ये तो अमेरिकेत आला आणि पुढच्याच वर्षी ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत आठ रचना असून दोन वगळता सर्व केवळ वाद्यांच्या आहेत. कीबोर्डवर येन्स योहान्सन आणि ड्रमवर पूर्वी जेथ्रो टल या वाद्यवृंदात असलेला बॅरिमोर बार्लो आहे. बास मालमस्टीनने स्वतःच वाजविला आहे.

या वादनावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप द्रुतगतीचा आहे. मराठी श्रोत्यास हा वाद परका वाटू नये. गायकाची ‘तयारी’ कोठे संपते आणि ‘गलेबाजी’ कोठे सुरू होते याची चर्चा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु गती हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. भरभर बोलणाऱ्या माणसाविषयी विचारावयाचे ते हे की, तो कोणती भाषा बोलत आहे आणि ती त्याची झाली आहे काय.

भाषा परभाषेतून शब्द घेते तेव्हा ते दोन वाटांनी येतात. तत्सम आणि तद्भव या संज्ञा संस्कृतापुरत्या न ठेवता थोड्या विस्ताराने वापरल्या, तर ‘हॉस्पिटल’ हा शब्द तत्समासारखा आहे आणि ‘इस्पितळ’ हा तद्भवासारखा. पहिला आपले मूळ रूप राखून वावरतो. दुसऱ्याने मराठी उच्चाराचा देह धारण केला आहे. वाक्यरचना उसनी घेणे ही मात्र या दोहोंहून अवघड गोष्ट होय.

‘रायझिंग फोर्स’ची शब्दसंपत्ती निःसंशय उसनी आहे. तिचा आधार हार्मोनिक मायनर ही स्वरपंक्ती, म्हणजे आपल्या किरवाणीचेच स्वर. तिच्या जोडीला डिमिनिश्ड सप्तकसंघाचे तुटक आरोह-अवरोह येतात. हा स्वरसंघ सप्तकाचे चार समान भाग करतो; त्यामुळे गिटारवर हाताची तीच ठेवण तीन पडदे पुढे सरकविली की तेच स्वर निराळ्या क्रमाने मिळतात. बाखच्या लेखनात हा संघ पुढील संघाची अपेक्षा निर्माण करणारा, जणू अपुऱ्या वाक्याचा उच्चार असतो. येथे तो पुष्कळदा हाताच्या सोयीने येतो आणि अलंकार म्हणून राहतो.

वाक्यरचनेच्या बाबतीत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांत एकच स्वरधारा दोन-तीन आवाजांचा भास निर्माण करते. ‘फार बियाँड द सन’मध्ये गिटार आणि कीबोर्ड अत्यंत रोमहर्षक रीतीने एकमेकांस उत्तरे देतात, पण तो सवाल-जवाब आहे, एकाच वेळी चालणारे दोन स्वतंत्र आवाज नव्हेत. आधारभूत स्वराकृती आणि तिच्यावर वादकाचा एकल विस्तार, ही रॉकची वाक्यरचना तेथे अबाधित आहे.

तत्समाचा टोकाचा नमुना म्हणजे ‘इकॅरस ड्रीम सूट’. तिचा प्रमुख विषय अल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘अदाजिओ’वरून घेतला आहे. वस्तुतः ती रचना रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातील संगीतसंशोधकाची मानली जाते. अल्बिनोनीच्या त्रुटित लेखनावरून ती सिद्ध केल्याचे सांगून त्याने ती १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे जे प्राचीन म्हणून उद्‌धृत झाले तेच मुळी अर्वाचीन. या सूटला ‘ओपस ४’ असा क्रमांक आहे, तर १९९८ मधील वाद्यवृंदासाठीच्या रचनेला ‘ओपस १’! येथे क्रमांक हा मोजणीचा नसून प्रतिष्ठेचा शब्द आहे, हे उघड आहे.

मग या कृतीचे मोल कशात आहे? ते उच्चारात आहे. मालमस्टीनच्या गिटारच्या पट्टीवरील लाकूड दोन पडद्यांमध्ये खोलगट कोरलेले असते. बोट लाकडास न टेकता केवळ तारेवर राहते. तार खेचणे आणि स्वर आंदोलित करणे सुकर होते. सतारीवर मींड घेणाऱ्यास या सोयीचे मर्म सांगावे लागू नये. ‘ब्लॅक स्टार’ या पहिल्याच रचनेत ध्वनिवर्धकाविना वाजविलेल्या गिटारच्या छोट्या प्रास्ताविकानंतर मुख्य स्वरवाक्य येते, ते संथ आहे. त्यातील दीर्घ स्वर रुंद कंपनाने थरथरतात, खालून खेचले जाऊन आपल्या जागी पोहोचतात. स्वरपंक्ती युरोपीय आहे, पण हा स्वरोच्चार ब्लूजमधून हेंड्रिक्स आणि ब्लॅकमोर यांच्या हाती आलेला आहे. हेच तद्भव. ज्याला गतीचा वादक म्हणून नावाजले जाते, त्याचे सर्वांत स्वतःचे बोलणे तो सावकाश बोलतो तेव्हा ऐकू येते.

पुढील वर्षांत टोनी मॅकअल्पाइन आणि विनी मूर (१९८६), जेसन बेकर (१९८८) यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका श्रॅप्नेल या कंपनीने प्रसिद्ध केल्या आणि ही शैली अभ्यासक्रमासारखी शिकविण्यायोग्य झाली. शब्दसंग्रह शिकविता येतो. उच्चार शिकविता येत नाही. अनुकरणाच्या पुरात तो बव्हंशी हरवला. परंतु बेकरच्या ‘पर्पेच्युअल बर्न’मधील ‘एअर’ या रचनेत गिटारचे अनेक स्वच्छ आवाज एकमेकांत गुंफले जाऊन स्वतंत्रपणे चालतात. ‘रायझिंग फोर्स’ने जी वाक्यरचना बाहेरच ठेवली होती, तिला येथे प्रवेश मिळाला. पूर्वसूरीची कृती अपुरी होती, असे यावरून म्हणता येईल. पण उसन्या शब्दांना आधी कोणाच्या तरी कंठातून आपला उच्चार लाभावा लागतो. त्यानंतरच त्यांची नवी वाक्ये होतात. ते पहिले काम १९८४ च्या या ध्वनिमुद्रिकेने केले आहे.