समारंभ की आधण? : ‘चानोयु’ या संज्ञेच्या मराठी रूपाविषयी

मुरुड येथे आमच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या पातीस घरात ‘हिरवा चहा’ म्हणत. गवती चहाचेच ते दुसरे नाव. चहाच्या झुडपाशी त्या गवताचे कसलेही नाते नाही. ग्रंथी मराठीत आता हेच नाव जपानी पेयास देण्यात येते. जपानी भाषेत मात्र नुसते ‘ओचा’ म्हटले तरी सामान्यतः हिरवाच चहा अभिप्रेत असतो. विशेषण लागते ते आपण ज्यास निव्वळ चहा म्हणतो त्याला, आणि त्याचे नाव ‘कोचा’, म्हणजे तांबडा चहा. एका भाषेत जे गृहीत, ते दुसरीत सविशेषण.

याहून गंभीर घोटाळा ‘चानोयु’ या संज्ञेचा आहे. जपानी कलेविषयी लिहिताना तिच्यासाठी ‘चहा-समारंभ’ हा शब्द योजला जातो. तो जपानीवरून आलेला नाही. रूढ इंग्रजी संज्ञेचे ते भाषांतर होय. समारंभ म्हटला की मराठी वाचकापुढे अध्यक्ष, हारतुरे आणि आभारप्रदर्शन उभे राहते. ‘चहापान’ म्हणावे, तर विधिमंडळाच्या अधिवेशनाची पूर्वसंध्या आणि विरोधी पक्षाचा बहिष्कार आठवतो!

मूळ शब्द पाहावा. ‘चा’ म्हणजे चहा, ‘नो’ हा षष्ठीचा प्रत्यय, ‘यु’ म्हणजे तापलेले पाणी. थंड पाण्यास जपानीत ‘मिझु’ हा निराळाच शब्द आहे. मराठीजवळ येथे ‘आधण’ आहे. चहाचे आधण : घटक तेच आणि क्रमही तोच, कारण दोन्ही भाषांत षष्ठ्यंत पद नामाच्या आधी येते. इतका सरळ पर्याय घरात असता आपण इंग्रजीच्या दारी गेलो.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. समारंभ पाहणारा समीक्षक वस्तूंची यादी करतो आणि वाचकास वाटते, एक साधी गोष्ट मुद्दाम अवघड केली आहे. आधणाकडे पाहणाऱ्यास निराळे दिसते. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या शिकवणुकीचा गाभा पाणी तापविणे, चहा करणे आणि पिणे एवढाच आहे. त्याचे मानले जाणारे ‘ताइआन’ हे चहाघर अवघ्या दोन चटयांचे. अशा घराचे दार इतके ठेंगणे की वाकल्यावाचून आत जाता येत नाही. राकु वाडगा चाकावर न फिरविता हाताने घडविलेला, जाडसर, त्यामुळे आतली ऊब तळहातास बेताने पोचते. शांत खोलीत ऐकू येते ते लोखंडी भांड्यातले पाणी. त्या नादास रसिकांनी ‘मात्सुकाझे’, म्हणजे पाइन वृक्षांतला वारा, असे नाव दिले. मुरुडच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसलेल्यास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. दार, वाडगा, नाद हे सारे त्या पाण्याभोवती जमले आहे. ‘समारंभ’ या शब्दात नेमके पाणीच नाही.

ओकाकुरा काकुझो याचे ‘द बुक ऑफ टी’ (१९०६) मुळातच इंग्रजीत, पाश्चात्त्यांना उद्देशून लिहिलेले. त्यातील तत्त्वचर्चेचे मोल कमी नाही. परंतु तिचे पहिले श्रोते आपण नव्हतो.

‘आधण’ निर्दोष आहे असे मात्र म्हणवत नाही. ‘यु’ स्नानाच्या ऊन पाण्यासही चालतो, आधण चालत नाही. आपल्या आधणात चहा उकळतो. तेथे ‘माच्चा’ची पूड वाडग्यात असते, पाणी तिच्यावर ओततात आणि बांबूच्या घुसळणीने फेसतात. शिवाय आधण म्हटले की भात आठवतो, चुलीपुढची घाई आठवते, आणि वर्षानुवर्षे गुरूजवळ बसून कमावलेली शिस्त नजरेआड होते. म्हणून संज्ञा ‘चानोयु’ हीच ठेवावी आणि प्रथमोल्लेखी ‘चहाचे आधण’ असा अर्थ द्यावा, हे आम्हांस इष्ट वाटते. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला तो त्याच्या नावानिशी. कोणी त्याचे भाषांतर मागितले नाही.

राहता राहिला ‘हिरवा चहा’. येथे बाजाराने पंडितांपेक्षा अधिक विवेक दाखविला आहे. लोक दुकानात ‘ग्रीन टी’ मागतात आणि हिरवा चहा परसातून खुडून आणतात.