जेडायांनी न विचारलेला प्रश्न

‘स्टार वॉर्स’च्या प्रीक्वेल्सवर वाद सुरू झाला की दोन पक्ष ठरलेले असतात. पहिला म्हणतो, १९७७च्या चित्रपटात म्हातारा ओबी-वान ज्या जेडायांबद्दल सांगतो, हजार पिढ्या शांतता आणि न्यायाची राखण करणारे ते योद्धे, त्यांचं १९९९ ते २००५च्या तीन चित्रपटांत पार सरकारी खातं करून टाकलं. गोल खोली, खुर्च्या आणि बैठका. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, तेच तर दाखवायचंय! संस्था आतून वाळली होती, म्हणून पडली.

मला दुसऱ्या पक्षाचं बरंचसं पटतं. पुरावा म्हणून लोक क्लोन सैन्याकडे बोट दाखवतात. सैन्य आयतं मिळालं, ते नेमकं का मागवलं गेलं याचा छडा लागायच्या आत जेडाय त्याचे सेनापती होऊन मोकळे. बरोबरच आहे. पण मला त्याहून लहान गोष्ट मोठी वाटते. श्मी. अनाकिनची आई.

ती टॅटूईनवर गुलाम आहे. छोटा अनाकिन क्वाय-गॉनला आपलं स्वप्न सांगतो, की मी जेडाय झालो आणि परत येऊन सगळ्या गुलामांना सोडवलं. क्वाय-गॉनचं उत्तर काय, तर मी गुलाम सोडवायला आलेलो नाही. आता क्वाय-गॉनवर अन्याय नको. त्याने पैजेत श्मीलाही मागून बघितलं, मालक तयार झाला नाही. मुलगा सुटला, आई राहिली.

पुढे हा मुलगा जेडाय कौन्सिलसमोर उभा राहतो. तिथे आईचा विषय निघतो बरं का! की-आदी-मुंडी काढतो, आणि योडा म्हणतो, तिला गमावण्याची तुला भीती वाटते ना, आणि भीती धोक्याची. म्हणजे आई हे त्या खोलीत एक लक्षण आहे, डॉक्टरने ताप मोजावा तसं. ती कुठे आहे, कशी आहे, तिला आणता येईल का, हे एकाही खुर्चीतून येत नाही. नंतर दहा वर्षं जातात. श्मीला सोडवतो कोण? हवेतून पाणी गोळा करणारा एक शेतकरी. तो तिला विकत घेतो, मुक्त करतो, तिच्याशी लग्न करतो. न्यायाच्या राखणदारांचं काम एका शेतकऱ्याने केलं.

तिच्याबद्दल वाईट स्वप्नं पडायला लागतात, तेव्हा ओबी-वान म्हणतो, स्वप्नं काय, जातात हळूहळू. ती मरते. तीन वर्षांनी तशीच स्वप्नं पद्मेबद्दल पडतात. अनाकिन नाव न घेता योडाला विचारतो, आणि उत्तर येतं, जे गमवायची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक. उपदेश म्हणून वाईट नाही हो. पण ज्याची आई याच उपदेशाखाली गेली, त्याला तोच पुन्हा! मग पॅल्पटाईन म्हणतो, तिला वाचवता येईल. अनाकिन तिकडेच जाणार.

इतकं सगळं कथेत आहे. तरी मी प्रीक्वेल्सना पूर्ण मार्क देत नाही. (रक्तातल्या मिडिक्लोरियन मोजण्याबद्दल मी बोलणारच नाही, त्यावर पुरेसं रडून झालंय.) माझी तक्रार अशी, की हे चित्रपटात कोणी बोलतच नाही. कौन्सिलला उलट उत्तर देणारा क्वाय-गॉन पहिल्याच भागात मरतो. दुसऱ्या भागात संघ सोडून गेलेला त्याचा गुरू डूकू येतो. तो कैदेतल्या ओबी-वानला सांगतो, सिनेट एका सिथच्या मुठीत आहे. शब्द न् शब्द खरा! पण बोलणारा खलनायक, तेव्हा ओबी-वान उडवून लावतो आणि प्रेक्षकही. थोडक्यात, जेडायांवरची टीका एकतर मेलेल्याकडे, नाहीतर लाल लाइटसेबरवाल्याकडे. एखाद्या साध्या, भल्या जेडायने भर बैठकीत विचारायला हवं होतं, की त्या बाईचं काय झालं? एक वाक्य पुरलं असतं.

ते नसल्यामुळे ऑर्डर ६६चं दृश्य अर्धंच लागतं. संगीत, पडत जाणारे जेडाय, हेलावून जायला होतं. पण तिथे दुःख निर्मळ आहे, निष्पापांचा संहार झाल्याचं. त्या दुःखात यांनी स्वतः काय होऊ दिलं याची बोच हवी होती. ती प्रेक्षकाने घरी जाऊन जोडायची.

आणि गंमत बघा, ही बोच १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये आहे. तिथे योडा आणि ओबी-वान ल्यूकला बापाशी लढायला पाठवतात; बापाला मारता येणार नाही म्हटलं, तर ओबी-वान म्हणतो, मग सम्राट जिंकलाच. ल्यूक ऐकत नाही. हातातलं शस्त्र फेकून देतो. आणि व्हेडर जे करतो ते मुलाच्या मायेपोटी करतो, म्हणजे ज्या गोष्टीला कौन्सिलने धोका म्हटलं होतं, तिच्याच पोटी. प्रीक्वेल्स बघून मग हा प्रसंग पुन्हा बघा. श्मी तिथे नाही, पण मला दर वेळी तीच आठवते.

चला, हात वर झालेत. प्रश्न घेऊ.