लाघव आणि हलकेपणा : एका मोटारीच्या निमित्ताने

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात स्नेटरटन नावाचा मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता, त्या जागेवर तो उभा राहिला. माझा भाचा त्या भागात नोकरीला असतो. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो असताना एका सकाळी त्याने मला तिथे नेले, डोक्यावर हेल्मेट चढवले आणि आपल्या जुन्या लोटस एलिसमध्ये शेजारी बसवले. 'बसवले' म्हणण्यापेक्षा 'उतरवले' म्हणणे बरोबर. कारण दाराचा उंबरठा एवढा रुंद आणि बैठक एवढी खाली, की साठी उलटलेल्या माणसाला आडात उतरल्यासारखे वाटावे. आत गालिचा नाही. पायाखाली उघडे ॲल्युमिनिअम. काचा हाताने फिरवायच्या. स्टिअरिंग वळवायला यंत्राची मदत नाही, ब्रेक दाबायलाही नाही.

"मामा, यात जे नाहीये ना, त्याचेच पैसे मोजलेत मी," भाचा म्हणाला.

मी आयुष्यभर साहित्याची समीक्षा करत आलो. मोटारीतले मला फारसे कळत नव्हते. पण हे वाक्य मला ओळखीचे वाटले. नसण्याचे मोल देणारा वाचक आपल्याला ठाऊक आहे. चांगल्या लघुकथेचा वाचक तेच करतो. तेव्हापासून या हलक्या, उघड्या, गैरसोयीच्या गाड्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यांचे आकर्षण नेमके कशाचे आहे, आणि ते वाटते तितके निर्मळ आहे का, या दोन प्रश्नांपुरता हा लेख आहे.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे कॉलिन चॅपमन. जन्म १९२८चा, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, बांधकाम-अभियांत्रिकीचे. पूल किंवा छप्पर यांचा भार कुठून कुठे वाहतो हे शिकलेल्या माणसाने मोटारीकडे पाहिले, तेव्हा त्याला जागोजागी काहीही न उचलणारे धातू दिसले असणार. १९४८मध्ये त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनवली. १९५७मध्ये लोटस सेव्हन आली : पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा, दोन बैठका, वजन सुमारे अर्धा टन. ती सुट्या भागांच्या रूपात घेऊन घरी जोडली, तर त्या काळचा खरेदीकर लागत नसे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. युद्धातून बाहेर पडलेल्या, हात आखडलेल्या ब्रिटनमध्ये हलकेपणा ही आधी काटकसर होती. सौंदर्यदृष्टी ती नंतर झाली. लोटसने १९७०च्या दशकाच्या आरंभी सेव्हन थांबवली, तेव्हा केटरहॅम या विक्रेत्या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि ती गाडी, बऱ्याच सुधारणांसह पण त्याच रूपात, आजही बनते.

१९९६ची एलिस ही त्याच विचाराची पुढची पायरी. तिचा सांगाडा ॲल्युमिनिअमच्या दांड्यांचा, आणि ते दांडे वेल्डिंगने नव्हे तर मुख्यतः चिकटद्रव्याने जोडलेले. सांगाड्याचे वजन ६८ किलो. म्हणजे एका बऱ्यापैकी माणसाएवढे. पूर्ण गाडी ७२५ किलोंच्या आसपास. इंजिन १.८ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे. आज आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीतही एवढी ताकद सहज असते. पुढे इंग्लंडच्याच सॉमरसेटमधून एरियल ॲटम आली. तिची सुरुवात कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या एका विद्यार्थी-प्रकल्पात झाली होती. तिला दारे नाहीत, छप्पर नाही. सांगाडा हेच तिचे शरीर.

एवढ्या वजाबाकीने साधते काय? सरळ रस्त्यावर जोरात पळणे हा त्यातला सर्वात कमी महत्त्वाचा भाग. सरळ पळायला मोठे इंजिन पुरते. खरा फरक थांबताना आणि वळताना पडतो. एकाच वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या गाडीत आणि एलिसमध्ये साठलेल्या गतिज ऊर्जेचे प्रमाण जवळपास तीनास एक असते. ती सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णता म्हणून पचवावी लागते. म्हणून जड गाडीचे ब्रेक काही फेऱ्यांत तापून मंदावतात, हलकीचे तग धरतात. टायरची गंमत आणखी वेगळी. त्यावरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे वजन स्वतःचा पूर्ण मोबदला कधीच देत नाही. हलकी गाडी अरुंद टायरवर, छोट्या इंजिनावर आणि लहान ब्रेकवर भागवते. ते सगळे लहान असल्यामुळे गाडी आणखी हलकी होते. गद्यातही असेच घडते. एक विशेषण काढले की त्याला सावरणारे दुसरे वाक्यही काढता येते.

पण हे झाले यंत्राचे. भाच्याच्या शेजारी बसून मला जे जाणवले ते आकड्यांत नव्हते. रस्त्याचा प्रत्येक खडा त्याच्या तळहातात येत होता. वळणात पुढची चाके किंचित सरकली, तर माझ्या आधी त्याच्या मनगटांना कळत होते. त्याने ब्रेकवरून पाय जरा घाईने काढला की गाडी लगेच तसे सांगत होती. आपल्या रोजच्या गाड्या चूक झाकतात. ही गाडी चुकीची पावती देते. कृती आणि परिणाम यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही. गायकाला तानपुरा जसा सतत सूर दाखवत राहतो, तसेच काहीसे. मला वाटते, आकर्षणाचे मूळ इथे आहे. वेग हे फक्त निमित्त. माणसाला हवी असते ती आपल्या कृतीला मिळालेली खरी दाद किंवा खरी नापसंती. ज्याचा सगळा दिवस पडद्यासमोर जातो, ज्याच्या कामाचा परिणाम तीन महिन्यांनी कुठल्यातरी तक्त्यात दिसतो, त्याला ही भूक अधिक असणार.

ट्रॅक-डेची रीतही याला पुष्टी देते. ही शर्यत नव्हे. पैसे भरून कोणीही आपली गाडी घेऊन यायचे, सकाळी नियम ऐकायचे, आवाजाची मोजणी करून घ्यायची, पहिल्या फेऱ्या सावकाश मारून वाट ओळखून घ्यायची. ओलांडायचे ते ठरलेल्या बाजूने आणि पुढच्याने वाट दिल्यावर. फेरीची वेळ मोजायला सहसा बंदी असते; विम्याचाही तो प्रश्न आहे. म्हणजे जिथे वेगाखेरीज काही नाही असे बाहेरून वाटते, तिथे वेग मोजायचाच नाही! क्रमांक नाही, चषक नाही, प्रेक्षकही नाहीत. बंद दारामागे चाललेला तो रियाज आहे.

इथपर्यंत मी या गाड्यांचा वकील झालो आहे. आता दुसरी बाजू.

आपल्या भाषेत 'हलका' हा शब्द मोठा कपटी आहे. 'हलक्या हाताने' केलेले काम नाजूक असते, पण 'हलके काम' कमी प्रतीचे. मन हलके झाले तर चांगले, माल हलका निघाला तर फसवणूक. माणूस मोठा असेल तर तो 'वजनदार' आणि 'भारदस्त'. त्याच कल्पनेला प्रतिष्ठा द्यायची झाली की आपण संस्कृतकडे जाऊन 'लाघव' म्हणतो. सूत्रकारांना मात्रा वाचवण्याचा जो सोस होता, ते लाघव. गरिबाला जे सोसावे लागते, तो हलकेपणा. दोन्हींत वजाबाकीच आहे. फरक आहे तो वजाबाकी कोण करतो आणि कोणासाठी, यात.

मोटारींच्या बाबतीत हा भेद आपल्या डोळ्यांदेखत घडला. मारुती ८०० ही १९८३ साली आलेली गाडी वजनाने साडेसहाशे किलोंच्या आसपास, म्हणजे एलिसहूनही हलकी. आमच्या घरी ती आली तेव्हा वडिलांच्या मित्राने बोटाने पत्रा वाजवून पाहिला आणि म्हणाला, "पत्रा पातळ आहे हो." पुढे जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या वाहनमेळ्यात टाटा नॅनो उभी राहिली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात तिची घडण झाली होती. इंजिन मागे, वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीनच नट. वजन सुमारे सहाशे किलो. प्रत्येक भागाला 'तू नसलास तर काय अडेल?' हा प्रश्न तिथेही विचारला गेला होता, चॅपमनने विचारावा तसाच.

त्याच सुमारास युरोपात केटीएम कंपनीची एक्स-बो बाजारात आली : कार्बन तंतूंचा सांगाडा, दारे नाहीत, छप्पर नाही, वजन आठशे किलोंच्या आत. २००७मध्येच पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएममध्ये भांडवली हिस्सा घेतला होता. वजाबाकीच्या दोन टोकांशी एकाच शहराचे नाते जुळावे, हा योग मला बोलका वाटतो. एक्स-बोचे नसणे हौशी लोकांनी चढ्या भावाने घेतले. नॅनोचे नसणे मात्र ज्यांच्यासाठी होते त्यांनीच नाकारले. सर्वात स्वस्त गाडी असा तिच्यावर बसलेला शिक्का ही चूक होती, असे पुढे रतन टाटांनीही बोलून दाखवले. दुचाकीवरून उतरून चारचाकीत बसणाऱ्या कुटुंबाला आपण वर चढलो हे जगाला दाखवायचे होते. त्याला एका वायपरमध्ये लाघव कसे दिसावे? ज्याच्याकडे सगळे आहे, त्यालाच काहीतरी सोडून दाखवता येते. अलिबाग तालुक्यात, कार्लेखिंडीजवळ, चिंकारा नावाची सेव्हनच्या धाटणीची गाडी बनू लागली, आणि तिच्यात इंजिन होते इसुझूचे, अँबॅसिडरमध्ये बसत असे त्या १८०० सीसी जातीचे. त्या गाडीचे कौतुक पुष्कळ झाले. पण ती घेणाऱ्यांच्या दारात दुसरी गाडी आधीच उभी असणार.

हे केवळ अभिरुचीचे असते तर मी इथेच थांबलो असतो. पण वजाबाकीची किंमत शरीराने चुकवावी लागते. चॅपमनच्या गाड्यांनी ग्रां प्री शर्यती जिंकल्या आणि त्यांच्या नाजूकपणाची धास्तीही घातली. १९६९च्या स्पेनमधल्या अपघातानंतर त्याचा चालक योखेन रिंट याने त्याला पत्र लिहिले होते : थोडे वजन वाढले तरी चालेल, पण कमजोर भाग मजबूत करा. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, मोंझा इथे सरावाच्या वेळी रिंट लोटसमध्येच गेला. ब्रेकला जोडलेला दांडा तुटल्याचे सांगितले जाते. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. लाघवाच्या इतिहासात हे पान असायला हवे. स्तुतिपर लेखनात ते सहसा लवकर उलटले जाते.

तरीही रिंटला धोका ठाऊक होता. आपल्याकडच्या हलक्या गाडीत बसणाऱ्याला तो कोणी सांगितला नव्हता. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. नॅनोसह पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९मध्ये. इथे वजन कमी होते ते चुकीची पावती मिळावी म्हणून नव्हे. पैसे वाचावेत म्हणून. आणि मुख्य म्हणजे, समोरून येणारा कंटेनर हलका नव्हता. स्नेटरटनला सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. मुंबई-गोवा रस्त्यावर तसे नसते.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या बहिणीचे यजमान त्याच रस्त्यावर माणगावच्या अलीकडे अशाच एका लहान गाडीत होते. ते वाचले, पण उजवा पाय पुन्हा नीट टेकला नाही. भाचा तेव्हा नववीत होता आणि मागच्या बैठकीवर होता.

म्हणून त्या दिवशी त्याच्या गाडीतून उतरताना माझ्या मनात प्रश्न होता; विचारण्याचे धाडस झाले नाही. उत्तर संध्याकाळी न विचारता मिळाले. ट्रॅकवरून आल्यावर त्याने एलिस गॅरेजमध्ये ठेवली, वर कापड घातले. जेवायला बाहेर जायचे होते. त्याने बायकोला आणि मुलीला बसवले ते दुसऱ्याच गाडीत : मोठी, करडी, पावणेदोन टनांची, सगळीकडे एअरबॅग असलेली. मुलीचा पट्टा त्याने स्वतः लावला आणि दोनदा ओढून पाहिला.

मला वाटते, या गाड्यांवरची उत्तम टीका आणि उत्तम स्तुती दोन्ही त्या दोनदा ओढण्यात आहेत. लाघव हे मूल्य आहे, यात मला आता शंका नाही. ते यंत्राला प्रामाणिक करते आणि माणसाला जागे ठेवते. पण त्याला दोन अटी आहेत. ते स्वतः निवडलेले असावे, आणि त्याची जोखीम निवडणाऱ्यानेच उचलावी. या अटी जिथे पाळल्या जातात तिथे ती कला. जिथे एकाने वजाबाकी करायची आणि दुसऱ्याने ती भोगायची, तिथे आपला जुना, खरखरीत शब्दच बरोबर आहे : हलकेपणा.